वसतिगृहातील किशोर : स्वाभिमानाच्या घडणीचा एक अध्याय

दरवर्षी आपल्या संघाच्या स्मरणिकेत गुणवंत विद्यार्थ्यांच्या छायाचित्रांची काही पाने असतात. जाहिरातींवरून झरझर नजर फिरविणारे वाचकही त्या पानांशी थांबतात. आपल्या भावकीतील वा आपल्या गावचे कोणी त्यांत आहे काय हे पाहतात, टक्क्यांचे आकडे वाचतात आणि समाधानाने पान उलटतात. हे समाधान रास्तच आहे. परंतु त्या छायाचित्रांतील चेहऱ्यांचे वय ध्यानात घेतले, म्हणजे एक विचार मनात आल्यावाचून राहत नाही. पंधरा-सोळा वर्षांचे ते वय. बालपण संपलेले असते, प्रौढपण यावयाचे असते. आणि ‘मी कोण, माझी किंमत काय’ हा प्रश्न मनुष्याला आयुष्यात प्रथमच, आणि बहुधा सर्वांत तीव्रतेने, याच वयात पडतो. त्याचे उत्तर मुलाला कोठून मिळते? आईबापांकडून, गुरुजींकडून, सवंगड्यांकडून की ज्ञातीकडून? महाराष्ट्रातील ज्ञातिसंस्थांनी गेल्या सव्वाशे वर्षांत या वयाच्या मुलांसाठी जे सर्वांत मोठे कार्य केले, ते वसतिगृहांचे, म्हणजे जुन्या मंडळींच्या शब्दांत बोर्डिंगांचे. तेव्हा या प्रश्नाचा विचार त्या बोर्डिंगांच्या इतिहासाच्या आधाराने करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जुन्या काळी हा प्रश्न मुलाला फारसा पडत नसे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. तो कोणाचा, कोणत्या कुळाचा, कोणत्या गावचा, हे सांगितले की तो कोण हे सांगून झाले. सुताराचा मुलगा बापाच्या हाताखाली वाकस धरी, कुणब्याचा मुलगा नांगरामागे चाले, शिंप्याचा मुलगा बापाजवळ बसून टाके घालू लागे. व्रतबंध, लग्न, व्यवसाय हे सारे ठरलेल्या वाटेने येई. मिसरूड फुटण्याच्या सुमारास मुलाचे मन बिथरते, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हते असे नाही. पुत्राला सोळावे लागले की त्याच्याशी मित्रासारखे वागावे, असे सांगणारे संस्कृत सुभाषित आपल्याकडे सर्वतोमुखी आहे. पण मन बिथरले तरी वाट बदलत नसे.

वाट बदलली ती इंग्रजी शाळेमुळे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, १८५९ साली पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली, आणि पुढील पन्नास वर्षांत खेड्यापाड्यांतून तेरा-चौदा वर्षांची मुले जिल्ह्याच्या गावी येऊ लागली. येथे तो मुलगा प्रथमच एकटा उभा राहिला. वर्गात त्याचे कूळ उपयोगी पडत नसे, वर्गातील क्रमांक उपयोगी पडे. ‘पास’ आणि ‘नापास’ हे दोन शब्द आपल्या भाषेत आले आणि मुलाच्या कपाळावर लिहिले गेले. परीक्षेच्या पायी त्या काळची मुले काय करीत, याचे एक उदाहरण महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी ‘आत्मवृत्ता’त नमूद करून ठेवले आहे. सार्वजनिक परीक्षेस बसण्यासाठी कोकणातील मुरुडहून सह्याद्री ओलांडून, भर पावसात, शंभरावर मैल पायी चालत ते मित्रांसह साताऱ्यास पोहोचले; आणि तेथे ‘हा वयाने लहान दिसतो’ एवढ्या कारणावरून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. वृद्धपणी ज्यांनी शंभरी ओलांडली आणि ‘भारतरत्न’ हा बहुमान मिळविला, त्यांनाही किशोरवयातील त्या निराशेचा विसर पडला नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पण त्याच कर्व्यांच्या हाती मुरुडच्या सोमण गुरुजींनी गावकऱ्यांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखविण्याचे काम दिले होते. मोठ्यांच्या मेळाव्यात आपला आवाज ऐकला जातो, ही जाणीव त्या मुलाला तेथे मिळाली. अशा लहानशा विश्वासाचे मोल परीक्षेच्या निकालाहून कमी मानता येणार नाही.

शाळेची सोय झाली तरी जेवणाची सोय कोण करणार? ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी माधुकरीची आणि वारांची जुनी परंपरा होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात वार लावून मुलगा जेवावयास जाई. पुष्कळ घरांत त्याला प्रेमाने वाढले जाई, ही गोष्ट कृतज्ञतेने सांगितली पाहिजे. त्या पंगतींवर वाढलेल्या कित्येकांनी पुढे महाराष्ट्राचे नाव उज्ज्वल केले. परंतु काही घरांत पानावर बसण्यापूर्वी विहिरीचे पाणी शेंदावे लागे, धोतरे पिळावी लागत, आणि एखाद्या दिवशी ‘आज जमणार नाही’ हे दारातच ऐकून परत फिरावे लागे. पोट भरे, पण मान खाली घालूनच. आणि ब्राह्मणेतर मुलांना तर तेवढीही सोय नव्हती. त्यांच्यासाठी वार लावणारी घरे नव्हती, शहरात बिऱ्हाड करण्यास पैसा नव्हता, आणि असला तरी पुष्कळ ठिकाणी जात विचारल्यावर खोली मिळत नसे. हुशार मुलगा चौथी-पाचवी इयत्ता होताच गावी परतत असे, त्याचे कारण बुद्धी कमी पडली हे क्वचितच असे.

या अडचणीवर उपाय योजणाऱ्यांत कोल्हापूरचे श्रीमन्महाराज शाहू छत्रपती यांचे नाव अग्रभागी येते. महाराजांना या वयाच्या मनाची जाण कशामुळे असावी, याविषयी प्रस्तुत लेखकाला एक गोष्ट नेहमी सुचते. त्यांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला, नाव यशवंतराव. बालपणीच मातृछत्र हरपले. १७ मार्च १८८४ रोजी, दहावे वर्षही पुरे झाले नसता, ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि यशवंतरावांचे शाहू झाले. दोन वर्षांतच जन्मदात्या पित्याचेही निधन झाले. पुढे राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि मग धारवाड येथे फ्रेजर साहेबांच्या देखरेखीखाली त्यांचे किशोरवय गेले. घरापासून दूर, नव्या नावाने, परक्यांच्या शिस्तीत वाढणे म्हणजे काय, हे या राजाला अनुभवाने ठाऊक होते. ही केवळ लेखकाची कल्पना आहे, परंतु ती अगदीच निराधार नसावी.

प्रथम महाराजांनी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकत्र वसतिगृह काढून पाहिले. ही १८९६ सालची गोष्ट. परंतु ज्या समाजात शिक्षणाची परंपरा आधीच होती त्याचीच मुले तेथे राहिली, इतर जातींची मुले टिकली नाहीत. दार सर्वांना उघडे असले म्हणून सर्वजण आत येतातच असे नाही. आत ज्यांची भाषा, ज्यांचे जेवण, ज्यांची थट्टा चालते, तेथे परक्या मुलाचे पाऊल अडखळते. मग १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग निघाले. १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांचे, १९०७ साली लिंगायत विद्यार्थ्यांचे, १९०८ साली दैवज्ञ आणि नामदेव शिंपी समाजाचे, पुढे पांचाळ, सारस्वत, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू अशी एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. संस्थानाने जागा, इमारती आणि अनुदाने दिली. कारभार ज्या त्या ज्ञातीच्या मंडळींनी पाहिला. कोल्हापूरच्या दसरा चौकात आजही उभे राहिले तर मुस्लिम बोर्डिंग, जैन बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर दिसतात. करवीर नगरीस विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते यथार्थ आहे.

या बोर्डिंगांत मुलाला मिळाले काय? दोन वेळचे अन्न आणि निजावयास जागा, हे तर खरेच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की, पानावर बसताना त्याला कोणाचे उपकार आठवावे लागत नसत. ते अन्न ज्ञातीच्या वर्गणीतून आलेले असे. जुन्या संस्थांचे अहवाल चाळून पाहावेत. दहा-वीस पानांच्या देणग्यांच्या याद्या असतात, कोणी लग्नानिमित्त रुपया दिलेला, कोणी बापाच्या स्मरणार्थ धान्याची पोती, कोणी भांडी. ती यादी त्या मुलाच्या वडिलांसारख्याच माणसांची असे. शिवाय वरच्या वर्गातील, आपल्याच बोलीत बोलणारा, आपल्याच सारखी भाकरी मोडून खाणारा एखादा मुलगा मॅट्रिक होताना तो पाही. आपल्यासारख्याला हे जमते, हा पुरावा त्याला पुस्तकात मिळाला नसता.

पाश्चात्त्य मानसशास्त्रज्ञांनी या विषयाचा जो अभ्यास केला, तो या संदर्भात पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतील विल्यम जेम्स या तत्त्वज्ञाने १८९० साली असे मांडले की, माणसाची आत्मप्रतिष्ठा म्हणजे त्याचे यश भागिले त्याच्या आकांक्षा. हे गणित सुटसुटीत आहे, पण आकांक्षा धरण्याचाच अधिकार ज्याला नाकारला गेला त्याचे काय, हा प्रश्न त्यात राहून जातो. पुढे एरिक एरिक्सन यांनी १९५० साली आपल्या ग्रंथात ‘स्वत्वाची ओळख’ हे किशोरवयाचे मुख्य कार्य मानले. त्यांची स्वतःची कथाही बोलकी आहे. १९०२ साली जर्मनीत जन्मलेल्या या मुलाला आपला पिता कोण हे ठाऊक नव्हते. आई यहुदी, पण मुलगा सोनेरी केसांचा आणि निळ्या डोळ्यांचा. यहुदी मंडळीत त्याला परका म्हणून हिणवीत आणि शाळेत यहुदी म्हणून. अमेरिकेचे नागरिकत्व घेताना त्यांनी आपले आडनावच नवे घेतले.

आणखी एक अभ्यास आपल्या विषयाला अधिक जवळचा आहे. मॉरिस रोझेनबर्ग यांनी न्यूयॉर्क राज्यातील शाळांच्या वरच्या वर्गांतील पाच हजारांहून अधिक मुलामुलींची पाहणी करून १९६५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले की, ज्या वस्तीत आपल्या धर्माची माणसे थोडी आणि भिन्नधर्मीय पुष्कळ, तेथे वाढलेल्या मुलांत स्वतःविषयीचा आदर कमी आढळतो. आपल्या माणसांत वाढलेल्या मुलांत तो अधिक असतो. १८९६ साली कोल्हापुरात जे अनुभवास आले, त्याचा अर्थ या पाहणीने कळतो. त्याच ग्रंथात दुसरी एक गोष्ट आहे, आणि ती सर्व पालकांनी वाचावी अशी आहे. आईबाप मुलाच्या मित्रांना ओळखतात काय, प्रगतिपुस्तक पाहतात काय, जेवताना त्याचे बोलणे ऐकून घेतात काय, यांवर त्याचा आत्मादर पुष्कळसा अवलंबून असतो. आणि रागावणाऱ्या आईबापांपेक्षाही बेफिकीर आईबापांची मुले स्वतःला अधिक क्षुद्र मानतात. म्हणजे घरी जेवणाचे पान आणि बोर्डिंगातील पंगत, दोन्हीकडे प्रश्न एकच : माझ्याकडे कोणाचे लक्ष आहे काय?

हे लक्ष कोणाकोणाला मिळाले नाही, याचाही हिशेब ठेवला पाहिजे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांचा विचार प्रथम करावा लागेल. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमराव आंबेडकर शिकत असताना गुरुजींनी त्यांना गणित सोडविण्यास फळ्यापाशी बोलाविले, तेव्हा वर्गातील मुलांनी धावत जाऊन फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे बाजूला काढले, हा प्रसंग त्यांच्या चरित्रात येतो. त्या मुलाने गणित सोडविले. परंतु डब्यांचा तो आवाज कानी पडल्यावर खडू हाती धरून उभे राहण्यास किती बळ लागले असेल! सरकारी शाळेने त्याला प्रवेश दिला होता, पण ‘तू आमच्यातला आहेस’ असे सांगणारे तेथे कोणी नव्हते.

ते बळ कोठून आले? वडील सुभेदार रामजी यांची जागरूकता हे एक उत्तर आहे. परळच्या चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब राहत असताना मुलाला पहाटे उठवून अभ्यासाला बसविणारे ते वडील होते. दुसरे उत्तर गुरुवर्य कृष्णराव अर्जुन केळुसकर यांचे. चर्नी रोडच्या बागेत रोज वाचीत बसणारा मुलगा त्यांनी पाहिला, चौकशी केली, पुस्तके दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा त्यांच्या समाजाने सत्काराची सभा भरविली; सीताराम केशव बोले अध्यक्ष होते; आणि केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्या सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती दिले. बोले आणि केळुसकर हे दोघेही त्या समाजातील नव्हते. आपल्याकडील गुणगौरव समारंभांची परंपरा पाहता ही सभा फार मोलाची आहे. त्या पुस्तकाची वाट १९५६ साली नागपूरच्या दीक्षाभूमीपर्यंत गेली. आपण आज नारळ, शाल आणि पाकीट देतो. पाकिटाची गरज असलेल्यांना ते अवश्य द्यावे. पण देणाऱ्याने मुलाला आधी चार वेळा पाहिलेले असावे, त्याचे वाचन काय आहे हे विचारलेले असावे.

मुलींच्या बाबतीत तर अडचण आणखी मूलगामी होती. त्यांना किशोरवयच नव्हते. आठव्या-दहाव्या वर्षी लग्न, तेराव्या-चौदाव्या वर्षी सासर आणि मातृत्व. ‘मी कोण’ हा प्रश्न पडण्यापूर्वीच त्याचे उत्तर दुसऱ्यांनी देऊन टाकलेले. १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेतील मुक्ता नावाच्या मांग समाजातील किशोरवयीन विद्यार्थिनीने महार-मांगांच्या दुःखावर लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाला; शिक्षण मिळताच त्या वयाची मुलगी काय बोलू शकते, याचा तो पुरावा आहे, पण अशा मुली किती? १९२९ सालच्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे वय चौदा केले, १९७८ साली ते अठरा झाले. मुलींचे किशोरवय असे कायद्याने, तुकड्यातुकड्याने निर्माण करावे लागले आहे. त्या कायद्यापूर्वीची कोल्हापूरचीच एक हकिकत येथे सांगतो. महाराजांचे धाकटे पुत्र शिवाजी यांचा १९१८ साली शिकारीच्या अपघातात मृत्यू झाला, तेव्हा त्यांच्या पत्नी इंदुमतीदेवी जेमतेम अकरा-बारा वर्षांच्या होत्या. राजघराण्यातील बालविधवेने पडद्यात दिवस कंठावे, ही रूढी. महाराजांनी पुत्रशोकातही सुनेला शिकवावयाचे ठरविले. कोल्हापूरजवळ सोनतळी येथे तिच्या अभ्यासाची व्यवस्था केली, आणि तिला एकटे वाटू नये म्हणून शिकणाऱ्या इतर मुली सोबतीस ठेवल्या. पुस्तके आणि शिक्षक राजवाड्यातही आणता आले असते. मुलीला बरोबरीच्या मैत्रिणी लागतात, हे ओळखणे ही त्या सासऱ्याची खरी दूरदृष्टी. आपल्या किती ज्ञातिसंस्थांनी मुलांचे बोर्डिंग उभारल्यावर पाच-पन्नास वर्षे मुलींच्या वसतिगृहाचा विषय पुढील सभेवर ढकलला, हे ज्याचे त्याने आपल्या जुन्या इतिवृत्तांत पाहावे.

आता १९०८ सालाकडे परत जाऊ. त्या वर्षी कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह सुरू झाले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या कन्येचे नाव त्यास दिल्यामुळे ते मिस क्लार्क बोर्डिंग म्हणून प्रसिद्ध झाले. त्याच्या समारंभास शेजारच्या जैन बोर्डिंगातील एक विद्यार्थी गेला होता. नाव भाऊराव पायगोंडा पाटील. जन्म २२ सप्टेंबर १८८७, कुंभोज. वडील महसूल खात्यात नोकरीस, त्यामुळे बदलीच्या गावी शिक्षण, आणि मग कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात नाव घातलेले. अभ्यासात, विशेषतः गणितात, गती बेताची. महाराजांनी शब्द टाकूनही वर्गशिक्षकाने या मुलास वरच्या वर्गात घालण्याचे नाकारले. तो बसतो तो बाक हवा तर वर नेतो, पण मुलाला नेणार नाही, असे ते म्हणाले, ही आख्यायिका आजही सांगितली जाते. आमच्या स्मरणिकेतील छायाचित्रांच्या पानांवर या मुलाला जागा मिळाली नसती, हे उघड आहे.

समारंभाहून परतल्यावर भाऊरावांना बोर्डिंगाच्या नियमाप्रमाणे स्नान करून मगच आत येण्यास सांगण्यात आले. भाऊरावांनी नकार दिला. बोर्डिंगाचे अधीक्षक होते अण्णासाहेब लठ्ठे. विद्वान, सुधारक, ब्राह्मणेतर चळवळीतील अग्रणी. त्यांनी भाऊरावांना बोर्डिंगातून काढून टाकले. महाराजांनी मग या मुलाची राहण्याची सोय आपल्या राजवाड्यात केली.

लठ्ठ्यांना दोष देणे सोपे आहे, आणि तो मोह प्रस्तुत लेखकाला टाळावासा वाटतो. त्यांचे बोर्डिंग जैन समाजाच्या वर्गणीवर चालत होते. एका मुलासाठी नियम शिथिल केला तर उद्या कोण वर्गणी देईल, कोणता बाप आपला मुलगा पाठवील, ही काळजी संस्था चालविणाऱ्या माणसालाच कळते. आपल्या कार्यकारी मंडळावर ज्यांनी वर्षे काढली आहेत त्यांना ती नक्कीच कळेल. पण भाऊरावांच्या बाजूनेही पाहावे. बोर्डिंगाने या मुलाला जे दिले, त्यातूनच त्याला नकार देण्याचे बळ आले असावे. पंगतीत ताठ मानेने जेवण्याची सवय ज्याला लागली, त्याला दुसऱ्याची खाली गेलेली मान बोचू लागली. हे लक्षण किशोरवयाच्या शेवटाचे, आणि शुभ आहे. ज्ञातीने मुलाला ‘तू आमचा’ असे म्हणावे. त्या आधारावर उभे राहून तो एक दिवस ‘आणखी कोण माझे?’ असे विचारू लागतो. तो प्रश्न ऐकून ज्या संस्था दार लावून घेतात, त्यांच्याकडे आज्ञाधारक मुले तेवढी उरतात.

स्वतः महाराजांना ही मर्यादा दिसत होती. १५ एप्रिल १९२० रोजी नाशिक येथे उदाजी मराठा विद्यार्थी वसतिगृहाच्या कोनशिला समारंभात, म्हणजे एका जातीच्याच व्यासपीठावरून, त्यांनी जातिभेद मोडण्याची आवश्यकता बोलून दाखविली. जातवार वसतिगृहे त्यांनीच काढली आणि जातीचे कुंपण ओलांडण्याची अपेक्षाही त्यांनीच धरली, यांत काहींना विसंगती वाटते. प्रस्तुत लेखकास ती वाटत नाही. रोपाला काठीचा आधार देणारा माळी ती काठी झाडाच्या अंगात रुतू देत नाही.

पुढील कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे, तरी तिच्यातील एक भाग तरुणांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. १९१४ साली कोल्हापुरात इंग्रजी राजघराण्यातील पुतळ्यास कोणी डांबर फासले. संशय लठ्ठ्यांवर आणला गेला, आणि त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून पोलिसांनी भाऊरावांना अटक करून त्यांचा छळ केला. ज्या अधीक्षकाने सहा वर्षांपूर्वी आपल्याला बोर्डिंगाबाहेर काढले, त्याच्याविरुद्ध चार शब्द बोलले की सुटका होती. कोठडीत जीव नकोसा झाला, पण भाऊरावांनी ते शब्द उच्चारले नाहीत. ज्याच्या ठायी स्वतःविषयीचा आदर पक्का झालेला असतो त्याला जुन्या अपमानाची परतफेड करण्याची गरज वाटत नाही, याचे याहून चांगले उदाहरण मानसशास्त्राच्या ग्रंथांतही मिळावयाचे नाही.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी सातारा जिल्ह्यातील काले येथे भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र बोर्डिंग सुरू केले. १८९६ साली जे कोल्हापुरात साधले नव्हते, ते येथे साधले. याचे कारण, एकत्र राहण्याबरोबर एकत्र काम होते. मुले स्वतः स्वयंपाक करीत, भांडी घाशीत, शेतात राबत. कोणी कोणाच्या घरचा पाहुणा नव्हता आणि कोणी कोणाचा उपकृतही नव्हता. एकाच भट्टीवर, एकाच पंगतीत, महार, मराठा, जैन, मुसलमान मुले जेवू लागली. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाई वहिनींनी अंगावरचे दागिने, आणि शेवटी मंगळसूत्रही, मोडून त्या मुलांच्या ताटात अन्न घातले. स्वतः मॅट्रिक न झालेल्या भाऊरावांना १९५९ साली पुणे विद्यापीठाने डी. लिट्. ही पदवी दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या संघाच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात गुणांचा रकाना असतो, उत्पन्नाचा असतो, पोटजातीचा असतो. मुलगा घरी कोणते काम अंगावर घेतो, कोणाला शिकवितो, त्याचा जिवाभावाचा मित्र कोणत्या समाजाचा, हे विचारणारा रकाना नसतो. वसतिगृहात रिकाम्या राहणाऱ्या खोल्या इतर समाजांच्या गरजू मुलांना द्याव्यात काय, हा प्रश्न वार्षिक सभेत निघतो आणि बहुधा वेळेअभावी पुढे ढकलला जातो. तो पुन्हा निघेल तेव्हा जुन्या आणि नव्या, दोन्ही पिढ्यांनी बोलावे, आणि सभेत वसतिगृहातील दोन-चार मुलामुलींनाही बोलावून घ्यावे. त्यांना काय वाटते हे आजवर कोणी विचारलेले नाही.

साताऱ्याच्या त्या बोर्डिंगाला २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नाव देण्यात आले. अण्णासाहेब लठ्ठे यांनी शाहू महाराजांचे दोन खंडांतील इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले ते १९२४ साली, म्हणजे ज्या वर्षी साताऱ्याचे बोर्डिंग सुरू झाले त्याच वर्षी.